पंपावर उभं राहायला शिकताना: जन्मजात हृदयदोष असलेली मोठी माणसं

परफ्युजनच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन (आमचा पंप) चालवण्याच्या, कोर्सला प्रवेश घेतलेली आपल्या भागातली मुलं-मुली मला विचारतात, मॅडम, काय वाचू, कुठून सुरुवात करू? मशीन जोडायला, चालवायला कॉलेजात शिकवतातच. मी बीड जिल्ह्यातली, छत्रपती संभाजीनगरात परफ्युजनिस्ट म्हणून काम करते, आणि मला तुमच्याशी एकाच प्रकारच्या पेशंटबद्दल बोलायचंय. जन्मापासून हृदयात दोष आहे, पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचता पोचता तिशी-चाळिशी उलटली, अशी माणसं. मराठवाड्यात काम कराल तर ती भेटणारच. आणि त्यांच्या पंपाची खरी तयारी आदल्या संध्याकाळीच होते, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्कं बसवा.

हार्ट-लंग मशीन, म्हणजे हाच पंप, माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं ते ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फियात, डॉ. जॉन गिबन यांच्या हातून. पेशंट १८ वर्षांची मुलगी होती आणि दोष होता एएसडी, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेलं भोक. आपला व्यवसाय सुरूच झाला तो अशा पेशंटपासून. मला याचं फार अप्रूप वाटतं.

माणसं एवढ्या उशिरा का येतात, हे आधी समजून घ्या. एएसडी लहानपणी फारसा त्रास देत नाही. डावीकडचं रक्त वर्षानुवर्षं उजवीकडे जात राहतं, उजवी बाजू फुगत जाते आणि तिशीनंतर धाप, धडधड सुरू होते. बाईच्या बाबतीत पुष्कळदा बाळंतपणातच कळतं. शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आला, तोही जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्या वेळी ज्यांनी अठरा ओलांडली होती, ती माणसं त्या चाळणीत आलीच नाहीत. निदान झालं तरी घरची गणितं असतात. ऊसतोडीची उचल घेतलेली असते, कोयत्यातला, म्हणजे तोडणाऱ्या जोडीतला, एक जण निघाला की दुसऱ्याचंही काम थांबतं, मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत दवाखाना पुढे ढकलला जातो. "धाप तर लहानपणापासूनच लागती, पण काम करावंच लागतंय की," हे वाक्य तुम्ही वॉर्डात ऐकाल. एवढे दिवस काय करत होता, असं त्यांना कधीही विचारू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशनं होतात, त्यामुळे आता माणसं येतायत तरी.

आदल्या संध्याकाळी पेशंटजवळ जाऊन बसा. फाईल वाचाच, पण डोळ्यांनीही बघा. समजा ३४ वर्षांची बाई आहे, वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन ९. आपल्याकडे हे नेहमीचंच. अंगातलं रक्त किलोमागे ६५ मिलिलिटर धरलं तर साधारण २,९०० मिलिलिटर, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, २७. सर्किट, म्हणजे पंपाच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर, भरायला तुम्ही १,३०० मिलिलिटर प्राइम (आधी भरून ठेवायचा द्रव) वापरणार. पंपावर गेल्या गेल्या हिमॅटोक्रिट १९ च्या खाली येतो, म्हणजे रक्त फार पातळ होतं. हा हिशोब कागदावर संध्याकाळी केला तर वेळ हातात असतो. नळ्यांची लांबी कमी करता येते, छोटा ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) घेता येतो, रक्ताच्या पिशव्या सांगून ठेवता येतात, भूलतज्ज्ञांशी बोलता येतं. सकाळी क्लॅम्प हातात घेऊन हे सुचून काही उपयोग नाही. फ्लो, म्हणजे पंपाने मिनिटाला किती रक्त द्यायचं, तोही तेव्हाच काढून ठेवा: शरीराचं क्षेत्रफळ १.४ चौरस मीटर, गुणिले २.४, म्हणजे मिनिटाला साधारण ३.४ लिटर.

आता उलट टोकाचा पेशंट घ्या. टेट्रालॉजी, म्हणजे हृदयात चार जन्मजात दोष एकत्र असलेला, कधीच ऑपरेशन न झालेला २८ वर्षांचा माणूस. ओठ निळसर, बोटांची टोकं फुगलेली, नखं गोल वळलेली. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीराने लाल पेशी वाढवत नेलेल्या असतात आणि हिमॅटोक्रिट ६० च्या वर गेलेला असतो. प्राइम मिसळूनही रक्त दाटच राहतं, म्हणून काही वेळा पंपावर जाण्याआधी थोडं रक्त काढून ठेवायचं ठरतं. शिवाय हे रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे शेवटी रक्त पुन्हा गोठावं म्हणून प्रोटामिन देऊन झाल्यावरही रक्तस्राव रेंगाळतो. या माणसांच्या फुप्फुसांना शरीराने आडवाटेने बारीक रक्तवाहिन्या काढून दिलेल्या असतात. पंप सुरू झाला की त्यांतून रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला परत येत राहतं. सर्जनला समोरचं काही दिसत नाही, आणि तुम्ही दिलेल्या फ्लोतला बराच भाग मेंदू-मूत्रपिंडांकडे न जाता फुप्फुसांतून फिरून येतो. मग व्हेंट, म्हणजे डाव्या बाजूला साचणारं रक्त ओढून घेणारी नळी, चांगला चालला पाहिजे, फ्लो वाढवावा लागतो, तापमान आणखी उतरवावं लागतं. आणि ऑक्सिजन सुरुवातीलाच भरमसाट देऊ नका. कमी ऑक्सिजनची सवय असलेल्या हृदयाला तो एकदम मिळाला तर इजा होते, हळूहळू वाढवा.

एक गोष्ट फार बारकाईने बघायला शिका: हातातल्या सलाईनची नळी. साध्या पेशंटच्या शिरेत हवेचा छोटासा बुडबुडा गेला तर तो फुप्फुसात अडकून विरतो. पण उजवीकडचं रक्त डावीकडे जात असेल तर तोच बुडबुडा थेट मेंदूत जाऊ शकतो. त्यामुळे पेशंट ओटीत आला की आमच्या सिस्टर प्रत्येक जोडावर बोटाने टिचकी मारून नळी उजेडासमोर धरतात. हे काम नर्सिंगचं आहे म्हणून बाजूला उभे राहू नका, तुम्हीही बघा.

रचना प्रत्येकाची वेगळी. काहींना डावीकडे जादाची वरची महाशीर असते आणि ती बहुधा करोनरी सायनसमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्नायूचं रक्त जमा करणाऱ्या शिरेत, उघडते. ती आधी कळली नाही तर हृदय उघडल्यावर रक्त थांबत नाही आणि त्या सायनसमधून मागच्या बाजूने दिलेला प्लेजिया (हृदय थांबवून ठेवणारं द्रावण) स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. रक्त काढून घ्यायला तिसरी कॅन्युला (नळी) लागेल का, हे सर्जनना विचारून ठेवा. पीडीए, म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसधमनी जोडणारी, जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी वाहिनी, उघडी राहिली असेल तर पंप सुरू होताच रक्त त्या वाटेने फुप्फुसात धावतं, म्हणून ती कधी आणि कशी बंद करणार हे आधी ठरलेलं असावं. सायनस व्हिनोसस प्रकारचं, म्हणजे महाशिरेच्या तोंडाजवळचं, एएसडीचं भोक छातीवरून केलेल्या इकोत हुकू शकतं आणि त्याच्यासोबत उजव्या फुप्फुसाच्या शिराही बऱ्याचदा चुकीच्या जागी उघडतात. मधल्या भागातलं साधं भोक हल्ली पुष्कळदा कॅथलॅबमध्येच छत्रीसारखं डिव्हाइस बसवून बंद होतं, त्यामुळे आपल्या टेबलावर येणारा एएसडी सोपा असेल असं धरून चालू नका.

आणि काही ऑपरेशनं होत नाहीत. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं मोठं भोक वर्षानुवर्षं तसंच राहिलं आणि फुप्फुसांतला दाब शरीराइतका चढून प्रवाह उलटा झाला, तर तेच भोक हृदयाची सुटकेची वाट असते. ते बुजवलं तर माणूस जगत नाही. नातेवाईक कळवळून सांगतात, पैशाची सोय झालीय, आता तरी करा. तिथे सर्जन किती वेळ देऊन, किती सोप्या शब्दांत समजावतात ते ऐका. मला वाटतं, या विषयातलं सगळ्यात अवघड काम ते.

लहानपणी ऑपरेशन झालेले पेशंट वेगळे. टेट्रालॉजी दुरुस्त झाली, आता बरं झालं, असं म्हणून घरच्यांनी फॉलोअप सोडलेला असतो. पण तेव्हा फुप्फुसाकडची झडप गळकी राहिली असेल तर पुढे ती बदलावी लागते. दुसऱ्यांदा छाती उघडताना उजवं व्हेंट्रिकल (खालचा उजवा कप्पा) छातीच्या हाडाला मागून चिकटलेलं असू शकतं. म्हणून आधी सीटी बघतात, गरज वाटली तर मांडीतल्या रक्तवाहिन्या उघड्या करून ठेवतात आणि करवत लागण्याआधी पंप तयार असतो. अशा दिवशी सर्किट भरून, हवा काढून, रक्त खोलीत आणून तुम्ही जागेवर उभे असायला हवं. हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोमागे ३०० ते ४०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर, हे आकडे झोपेतही सांगता आले पाहिजेत.

इंटर्नशिपला रुग्णालय निवडताना इमारत बघू नका. तिथे लहान मुलांची आणि जन्मजात दोषांची ऑपरेशनं नियमित होतात का, एवढं विचारा. नुसत्या करोनरी बायपासवर हात बसलेल्या माणसाला अशा केसमध्ये बावरायला होतं. मराठवाड्यात अशी केंद्रं मोजकीच आहेत, म्हणून सुरुवातीची काही वर्षं पुणे, मुंबई किंवा हैदराबादला काढावी लागली तर जरूर काढा. नांदेड-लातूरकडचे आपले पेशंट हैदराबादला भेटतातच, तिथे मराठी बोलणारा माणूस ओटीबाहेर दिसला की त्यांना केवढा धीर येतो.

एक सवय आजपासून लावा. जुनं ऑपरेशन झालेला पेशंट भेटला की डिस्चार्जचा कागद मागा. कागद नसेल तर कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, छाती मधून उघडली की बरगड्यांमधून, हे विचारून व्रण स्वतः बघा आणि फाईलवर लिहा. आणि आपलं काम झाल्यावर नातेवाइकांना सांगा, नव्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा, पुढच्या डॉक्टरला तो लागणार आहे.