वेगवेगळ्या गाड्यांचे पार्ट जोडून बाईक बनवताना सांधे कसे जुळवायचे

एकीची चासी, दुसरीचं इंजिन, तिसरीचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) असं जमवून बाईक बनवायची म्हटलं की आपण आधी टाकी आणि सीट कशी दिसेल तेच बघत बसतो, पहिल्या गाडीच्या वेळी मी पण तेच केलं होतं. पण दोन गाड्यांचे पार्ट जिथे एकमेकांना भेटतात, म्हणजे स्पेसर, बुश, बेअरिंग, ब्रॅकेट, खरी गाडी तिथे बनते किंवा तिथेच बिघडते. म्हणून हे सगळं त्या सांध्यांबद्दलच आहे.

आधी कागद. चासी नंबर ज्या भागावर ठोकलाय तिथे ग्राइंडर लावायचाच नाही. इंजिन बदलायला, फ्रेम कापायला तुमच्याकडे काय नियम आहेत आणि नोंद कशी होते ते कापाकापीच्या आधी विचारून घ्या. कागद नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पार्ट घेताना शक्यतो पूर्ण सेट घ्या. फोर्क घेताय तर त्याच गाडीचे वरचा-खालचा टी (फोर्कच्या नळ्या पकडणारे आडवे तुकडे), एक्सल, चाक, चाकाचे स्पेसर, डिस्क, कॅलिपर सगळं एकत्र उचला, कारण हे तुकडे एकमेकांसाठीच बनलेले असतात आणि मग तुम्हाला फक्त एकच सांधा सोडवायचा उरतो, तो म्हणजे स्टेअरिंगचा. इंजिनासोबत पण तसंच, स्टेटर (इंजिनातला वीज बनवणारा भाग), सीडीआय किंवा ईसीयू (स्पार्क सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक डबे), कॉइल, आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) आणि कपलर न कापलेलं वायरिंग.

स्टेअरिंगसाठी वर्निअर घेऊन बसा आणि कागदावर लिहा: स्टेमचा (खालच्या टीमधून वर फ्रेममध्ये जाणारा दांडा) खालचा आणि वरचा व्यास, फ्रेममधल्या बेअरिंगच्या जागेचा आतला व्यास, आणि दोन बेअरिंगमधलं अंतर. लांबी जुळत असेल तर आतला व्यास स्टेमचा आणि बाहेरचा फ्रेमचा असं टेपर बेअरिंग बऱ्याचदा मिळून जातं. लांबीच जुळत नसेल तर खालच्या टीमधून स्टेम प्रेसवर काढून तुमच्या फ्रेमचा स्टेम बसवावा लागतो, त्यासाठी बुश टर्नरकडून (लेथवाल्याकडून) करून घ्या. वॉशर भरून लांबी जुळवणं किंवा जुन्या स्टेमला वेल्डिंगने तुकडा जोडणं अजिबात नको, पुढचं चाक अख्खं त्याच्यावर लटकलेलं असतं.

फोर्क मूळच्यापेक्षा आखूड असेल तर गाडीचा स्वभाव बदलतो हे पण लक्षात ठेवा. १४०० मिमी व्हीलबेसच्या गाडीत पुढची बाजू २५ मिमी खाली आली की रेक (स्टेअरिंगचा उभ्या रेषेपासूनचा कल) साधारण १ डिग्रीने कमी होतो, ट्रेल (स्टेअरिंगची रेषा जमिनीला भेटते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) पण कमी होतो, मग गाडी वळते पटकन पण वेगात हँडल अस्वस्थ वाटायला लागतं.

आता मागची बाजू, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आणा, दोन्ही बाजूंनी दोरी ताणून बघा, आणि एक्सलचे स्पेसर त्यावरून ठरवा. मगच इंजिन फ्रेममध्ये ठोकळ्यांवर ठेवा आणि मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला सरळ पट्टी लावून ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत न्या (दोन्हींची जाडी वेगळी असेल तर तेवढा फरक धरा). माझ्या पहिल्या गाडीत इथे ५ मिमीचा फरक राहिला होता, उभ्या गाडीत काहीच दिसत नव्हतं, पण थोड्याच दिवसांत मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच बाजू आरशासारखी चकाकायला लागली आणि चेनच्या आतल्या पट्ट्या खरवडल्या गेल्या. सगळं खोलून माउंट परत बनवले. चेनचा नंबर पण बघा, ४२८ चा पिच (दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिमी आणि ५२० चा १५.८७५ मिमी, पुढचं एक आणि मागचं दुसरं चालणारच नाही. ५२०, ५२५, ५३० चा पिच एकच आहे पण रुंदी वेगळी.

इंजिनाच्या माउंट प्लेट आधी पुठ्ठ्याच्या कापा, मग स्टीलच्या. नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे कच्चे ठिपके) मारा, चाकं, टाकी, सायलेन्सर सगळं बसवून बघा. मागचा शॉकअप काढून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली होणारा भाग) हाताने पूर्ण वर-खाली करा, टायर मडगार्डला किंवा वायरिंगला लागतो का ते कळेल, आणि पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट (स्विंगआर्म जिथे फिरतो तो बोल्ट), एक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, तिथेही थोडी ढिली राहिली पाहिजे. पक्कं वेल्डिंग यानंतर, बॅटरी सोडवून, आरआर आणि ईसीयू काढून, अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ लावून. छोटे छोटे टाके आलटून पालटून घ्या, एका दमात ओढलं की फ्रेम खेचली जाते. आणि स्वतःच्या वेल्डिंगवर पूर्ण भरवसा नसेल तर टॅकपर्यंत तुम्ही करा, पुढचं जाणत्या वेल्डरला द्या.

ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचं, ऑइल ढकलणारं) आणि कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारं) माप जुळायला लागतं. मास्टरचा पिस्टन कॅलिपरच्या मानाने मोठा असेल तर लिव्हर लाकडासारखा कडक आणि ब्रेक कमी, लहान असेल तर लिव्हर ग्रिपला टेकतो. डॉट ४ ब्रेक ऑइलच्या सिस्टिममध्ये डॉट ५ टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं.

वायरिंग जिथलं इंजिन तिथलंच वापरा म्हणजे अर्धी डोकेदुखी जाते. एसी आणि डीसी सीडीआय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गाडी चालू झाली की थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा, १३.५ ते १४.५ व्होल्टच्या आसपास हवं.

या सगळ्या काळात एक वही ठेवा: कुठला पार्ट कुठल्या गाडीचा, कुठल्या वर्षाचा, बेअरिंगचा नंबर, स्पेसरची जाडी, बोल्टचे आटे (एम १० मध्ये १.२५ आणि १.५ दोन्ही सापडतात आणि जबरदस्ती केली की आटे गेले). वर्षाने ब्रेक पॅड आणायला जाल तेव्हा हीच वही लागणार आहे.

पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, ४-५ किमीची. परत येऊन प्रत्येक नट तपासा, वेल्डिंगजवळ तडा दिसतो का बघा, ५० किमीला परत तेच. पेंट या सगळ्यानंतर, गाडी पूर्ण खोलून, कारण तोपर्यंत एखादं ब्रॅकेट अजून कापावं लागतंच.