नवा गिअर बसवायच्या आधी मोडका दात नीट बघा

गिअर गेला की पहिली धावपळ नवा आणायची. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कापून मिळेलही, पण मूळ कारण तसंच राहिलं तर नव्याचीही तीच गत. म्हणून मोडलेला तुकडा भंगारात टाकू नका. डिझेलने धुवा आणि उजेडात तिरका धरा. वायर ब्रश मात्र मारायचा नाही, खुणा पुसल्या जातात.

तुटल्या जागी शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा दिसल्या तर दात थकून मोडलाय. भेग बुडाशी सुरू झाली आणि जादा लोडखाली वाढत गेली. रेषाच नाहीत, सगळीकडे एकसारखी दाणेदार तूट असेल तर एका दणक्याचं काम. उसाबरोबर कोयता किंवा ट्रॉलीची साखळी मिलमध्ये गेली की असं होतं.

दात एकाच टोकाला मोडला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्टची सरळ जुळणी, गेलंय. इथे घाई नको. दातांना मार्किंग ब्ल्यूचा (ठसा बघायच्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्या, हाताने फिरवा. ठसा एका कडेला आला तर आधी बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघा. मग गिअरबॉक्सच्या पायावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) लावून फाउंडेशन बोल्ट एकेक करून ढिले करा. काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलला तर त्या पायाखाली पोकळी आहे. तेवढ्याच जाडीची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला. पाय पक्के झाल्यावरच कपलिंग (दोन शाफ्टचा जोड) जुळवा, आधी जुळवलेलं फुकट जातं.

दातांच्या मध्यावर खड्डे पडत असतील तर लोड जास्त किंवा तेल पातळ. नव्या गिअरवर बारीक खड्डे पडून थांबले तर चालतं, वाढत गेले तर नाही. बुडापासून टोकाकडे ओरखडे म्हणजे तेलाचा थर फाटलाय. गिअरबॉक्सच्या प्लेटवर 320 हा तेलाच्या घट्टपणाचा नंबर असताना 68 चं पातळ हायड्रॉलिक तेल भरलेलं असतं, हे फार वेळा घडतं. लेव्हलच्या वर भरलं तरी तेल घुसळून तापतं. फौंड्रीत दात गुळगुळीत होऊन बारीक झाले तर ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा आत-बाहेर जायची जाळी) काढून बघा, वाळू तिथूनच शिरते.

साखर कारखान्यांत हंगाम संपल्यावर गिअरबॉक्स बंद राहतो आणि खानापूर, बेळगावकडचा पाऊस सुरू होतो. हवेतली वाफ आत गार होऊन तळाला पाणी साचतं, वरचे उघडे दात गंजतात. दर पंधरा दिवसांनी हाताने काही फेरे फिरवा आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवा. हंगामाआधी ड्रेन प्लग किंचित ढिला करून पहिलं पेलाभर तेल काचेच्या बरणीत घ्या. दुधाळ दिसलं तर सगळं बदला.

नवा गिअर झिजलेल्या पिनियनवर (जोडीतल्या लहान गिअरवर) चढवू नका, जोडी बदला. सुरुवातीचे काही तास अर्ध्या लोडवर चालवा, पहिलं तेल 500 तासांच्या आत काढा. मॅग्नेट प्लगवर (तेलातला लोखंडी कीस धरणाऱ्या चुंबकी बुचावर) काळा मऊ लगदा असेल तर ठीक. चकचकीत कपच्या दिसल्या तर मशीन तिथेच थांबवा.