सकाळी थंड इंजिन जास्त रेस होतंय? स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ अंशांवर उतरला की जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दल एकच तक्रार ऐकू येते: सकाळी चालू केली की गाडी नुसती रेस होते. त्यावर बहुतेक ठिकाणी इलाजही एकच होतो. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, स्क्रू ढिला करून आयडलिंग (पेडलवर पाय नसतानाचा इंजिनाचा वेग) खाली आणलं जातं. हा इलाज नाही, हे आधीच सांगतो.

मुळात दोष आहे का, ते बघा. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि ऑइलही घट्ट असतं, म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) मुद्दाम आयडलिंग वाढवतो. थंडीत १२०० ते १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), आणि पहिले काही सेकंद त्याच्याही वर, ही तक्रार नव्हे. इंजिन तापेल तसतसं ते उतरून ७५० ते ९०० वर यायला हवं. ते उतरतं का, किती वेळात उतरतं आणि त्या वेळी तापमानाचा काटा कुठे असतो, यावरच सगळं निदान आहे. गाडी रात्रभर उभी हवी. एसी आणि दिवे बंद, सीएनजी किट असेल तर स्विच पेट्रोलवर. मग पंधरा मिनिटं दर मिनिटाला आरपीएम आणि काटा कागदावर लिहा. दुपारी गॅरेजपर्यंत चालवत नेलेल्या, अर्धवट गरम गाडीवर केलेलं निदान फुकट जातं. गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवा.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. इंजिन तापेपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी गरम झाली की हा वॉल्व काढून फेकायचा आणि “आपल्याकडे त्याची गरजच नाही” म्हणायचं, ही पद्धत अजून चालू आहे. वॉल्व नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं. मग थंडीच्या सकाळी इंजिन ८० अंशांपर्यंत पोचतच नाही. ईसीयूच्या लेखी ते थंडच राहतं, त्यामुळे आयडलिंग चढं, मिश्रण दाट आणि ॲव्हरेज पडलेलं. ईसीयूचं काही चुकत नसतं. इंजिन खरोखरच थंड असतं.

कोथरूडच्या एका जुन्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) हॅचबॅकचं हेच झालं. मे महिन्यात खंबाटकी घाटात ती गरम झाली, तेव्हा वॉल्व काढला गेला. हिवाळ्यात आयडलिंग खाली येईना, म्हणून आधी आयडलिंगची हवा सोडणारा आयडल कंट्रोल वॉल्व बदलला, मग थ्रॉटल किती उघडलंय ते ईसीयूला सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर. तरीही फरक नाही, म्हणून शेवटी स्क्रू मागे घेतला. आता सकाळी आवाज बरा वाटायचा, पण इंजिन तापलं की एसी लावून सिग्नलला उभी राहिली रे राहिली की बंद पडायची. अखेर थर्मोस्टॅटच्या झाकणाचे दोन बोल्ट काढून बघितलं, तर आत जागा रिकामी. आणि घाटात ती गरम का झाली होती? रेडिएटर फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच) अडकत होता. रिले, थर्मोस्टॅट आणि गॅस्केट एवढ्यावर दुखणं संपलं. मात्र हललेला स्क्रू परत जागेवर आणायला सर्वांत जास्त वेळ गेला.

तपासणीला हत्यार लागत नाही. थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला अधूनमधून हात लावा, पण फॅन आणि बेल्टपासून बाही लांब ठेवा. पाइप पहिली काही मिनिटं गार राहून मग एकदम तापला तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय किंवा काढलेलाच आहे. नवा घेताना जुन्यावर छापलेलं तापमान बघा. बऱ्याच गाड्यांत ते ८२ किंवा ८८ असतं. नाना पेठेत वॉल्व आणि गॅस्केट दोन्ही मिळतात. जुनं गॅस्केट पुन्हा लावू नका. थर्मोस्टॅटवरच्या छोट्या भोकातली पिन वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे हवा बाहेर पडते.

कूलंट भरल्यावर हवा काढायचा कंटाळा करू नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडून गाडी चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. सीक्वेन्शियल सीएनजी किटच्या रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) कूलंटचा पाइप जोडलेला असतो आणि हवा तिथेही अडकते.

स्टॉप स्क्रू फिरवणे

थ्रॉटलच्या बटरफ्लायला (आतल्या गोल पातीला) टेकणाऱ्या स्टॉप स्क्रूवर कारखान्यातून रंगाची खूण असते. इंजेक्शनच्या गाडीत तो आयडलिंगचा स्क्रू नव्हे. बटरफ्लाय किती बंद होणार, ते तो ठरवतो. तो हलला की थ्रॉटल सेन्सरचं शून्य चुकतं आणि ईसीयूला पाय पेडलवर नाही हे नीट कळत नाही. रंग तुटलेला दिसला तर बाकी तपासणीआधी तेच दुरुस्त करा. जुनी गाडी घेताना मी तरी आधी हा रंग बघेन.

भलताच टेंपरेचर सेन्सर बदलणे

बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन सेन्सर असतात. एका तारेचा डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दोन तारांचा ईसीयूसाठी. लोक पहिला बदलतात आणि फरक पडला नाही म्हणून ईसीयूला दोष देतात. दोन तारांचा कनेक्टर काढून मल्टीमीटर लावा. साधारण २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे. सेन्सर चांगला निघाला तरी कनेक्टरच्या पिना बघा. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट गंज चढतो, रेझिस्टन्स वाढतो आणि ईसीयूला इंजिन आहे त्याहून थंड वाटतं. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो.

हवेची गळती गरम इंजिनावर शोधणे

गळतीतून जादा हवा इंजिनात शिरली की आयडलिंग चढतं. कडक झालेले व्हॅक्यूम पाइप आणि मॅनिफोल्डचं (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट थंडीत आकसतात आणि तापल्यावर बसतात. म्हणून गळती सकाळीच शोधा. चिमट्याच्या तोंडाला फडकं गुंडाळून एकेक पाइप दाबा. ज्याला दाबल्यावर आरपीएम पडतं, तिथेच गळती. ब्रेक बूस्टरचा पाइप विसरू नका. कार्ब्युरेटर क्लीनर तापलेल्या सायलेन्सर मॅनिफोल्डजवळ मारू नका, आग लागते. पाण्याचा बारीक फवारा पुरेसा आहे.

थ्रॉटल बॉडी धुताना आयडल वॉल्वची सुई बोटाने दाबू नका. धुतल्यावर आयडलिंग चढलं तर घाबरू नका. ईसीयूला घाणीची सवय झालेली असते. बॅटरीची निगेटिव्ह पंधरा मिनिटं काढून ठेवा, मग सगळा लोड बंद ठेवून रेडिएटरचा फॅन दोनदा फिरेपर्यंत गाडी आयडलवर चालू द्या.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर जोडला जात नाही म्हणून ईसीयू खराब ठरवू नका. भारतात ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या यंत्रणेची, स्कॅनर तिलाच जोडतात) सक्ती २०१० पासून आली. त्याआधीच्या गाड्यांना बऱ्याचदा कंपनीचाच स्कॅनर लागतो.

गाडी कार्ब्युरेटरची असेल तर आधी चोकची (थंड इंजिनाला दाट मिश्रण देणाऱ्या झडपेची) तार बघा. बटण पूर्ण आत ढकलल्यावर कार्ब्युरेटरवरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का, ते एअर फिल्टर काढून डोळ्यांनी बघा. अर्ध्यात अडकत असेल तर तारेत पातळ ऑइल सोडा. मग ॲक्सिलरेटरच्या तारेला किंचित ढील आहे ना, तेही तपासा.