पडू नये म्हणून: सत्तरीनंतरचा खुर्चीचा व्यायाम
सत्तरीनंतर रुग्णालयाची वारी अनेकदा एका पडण्याने सुरू होते: खुबा मोडतो, शस्त्रक्रिया होते, मग अंथरूण. हे टाळायला नुसतं फिरणं पुरत नाही, मांड्यांत ताकद आणि पायांत तोल हवा. न्यूझीलंडच्या ओटॅगो व्यायामक्रमाचा भर यावरच आहे. तो घरी करणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं.

आधी चाचणी. १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयात पुरुषांना १२, स्त्रियांना १० पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त.

व्यायामही हाच. आठवड्यातून ३ दिवस, एक दिवस सोडून, १० वेळा उठबस. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, पुढे झुका, मग उठा. बसताना मनात तीन मोजा. धप्पकन बसलं तर मांड्यांना काहीच काम उरत नाही आणि मणक्याला हिसका बसतो. श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो.

मग ओट्याला धरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून १० सेकंद उभे राहा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून हे अजिबात करू नका.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील आणि उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि मदत बोलवा.