वारा बर्फ कुठे नेऊन ठेवतो

वादळ ओसरल्यावरची पहिली निळी सकाळ. तंबूबाहेर डोकं काढलं की पाय शिवशिवायला लागतात, आणि नेमक्या त्याच सकाळी मी हिमस्खलनाच्या विचाराने सगळ्यात जास्त धास्तावलेली असते. बर्फ किती पडला, हे जो तो विचारतो. मला आधी हवं असतं ते हे, की पडलेला बर्फ वाऱ्याने कुठे नेऊन ठेवला. तंबूपाशी वीतभर असेल तर डोंगरधारेच्या आडोशाला कमरेएवढा साठलेला असू शकतो. आभाळातून पडतो त्याच्या दहापट वेगानेही वारा एखाद्या उतारावर बर्फ रचतो.

म्हणून बूट बांधण्याआधी मी दहा मिनिटं नुसती वर बघत बसते. धारेवरून पांढरा धूर उडत असेल तर आभाळ कितीही स्वच्छ असो, पलीकडची भरणी अजून चालू आहे. धारेवर बर्फाचा छज्जा ज्या बाजूला झुकलेला दिसतो, ती आडोशाची बाजू. माल तिथे साचलेला असतो. खडकांवर चिकटून गोठलेला तुषार मात्र उलट, वारा आला त्या दिशेने वाढतो. ही खूण मला फार आवडते, कारण वारा पडून गेल्यावरही ती राहते. फक्त धारेखालीच बघून थांबू नका. वारा आडवा वाहिला असेल तर उताराच्या मधोमध असलेल्या सोंडांच्या आणि घळींच्या एकेका कडेलाही बर्फाच्या उशा भरलेल्या असतात.

वाऱ्याने आणलेला बर्फ वेगळाच. वाटेत कण आपटून मोडतात, बारीक होतात आणि घट्ट बसतात. त्याची लादी होते. खाली भुसभुशीत थर असेल तर ही लादी नुसती टेकलेली असते. वरून ती गुळगुळीत, फुगीर, खडूसारखी दिसते. काठी आपटली की पोकळ आवाज येतो. काठी उलटी धरून दांडा हळूहळू खुपसा. वर घट्ट आणि मग अचानक सैल लागलं, तर तिथून माघारी. पावलापुढे चीर पळाली, किंवा आजूबाजूचा बर्फ ‘धप्प’ करून बसला, तर चर्चाच नको. त्याच दिशेच्या दुसऱ्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं तर याहून मोठा पुरावा शोधू नये.

मग कोन. लादीची बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. कोनमापक नसेल तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात: एक उभी रोवायची, दुसरी तिच्या माथ्यापासून उताराकडे आडवी धरायची. टोक उताराला टेकलं तर 45 अंश. आडवी काठी उभीच्या मध्यापासून धरून टोक टेकलं तर साधारण 27. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार मोजायचा, कारण खालून आपल्या वजनानेही तो सुटू शकतो.

खड्डा खणून चाचणी मीही करते. 30 सेंटिमीटर लांब-रुंद खांब कापायचा, वर फावडं ठेवायचं. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा. पण तिचा कौल मी एकाच बाजूने मानते: खांब सटकला तर परत फिरायचं, टिकला म्हणजे परवाना मिळाला असं नाही. एकदा खांब छान टिकला, मी खुशीत वीस पावलं पुढे गेले, आणि लादी पातळ होती त्या कडेला पाय पडताच वरपर्यंत चीर गेली. सुटली नाही, एवढंच. खड्डा मी जाड भागात खणला होता. बर्फ मोडतो तो बहुधा पातळ भागातून.

हिमस्खलनाच्या इशाऱ्याच्या पाच पातळ्या असतात. तिसरीला ‘मधली’ म्हणून हलकं घेऊ नका. युरोपात बरेचसे जीव याच पातळीला जातात.

तरीही उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवून. छज्ज्याच्या कडेपासून खूप आत राहायचं. तो वाटतो त्यापेक्षा मागून तुटतो. बीकन (गाडलेल्याचा माग देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे; एकाच्या पाठीवर सगळं हे चालत नाही, कारण गाडला गेलेला तोच असू शकतो. मोबाइल बीकनपासून निदान 20 सेंटिमीटर, शोधताना 50 सेंटिमीटर लांब. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते.

वाऱ्याची लादी बहुधा काही दिवसांत स्थिरावते, कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त घेते. खाली साखरेसारखा रवाळ थर असेल तर मात्र आठवडेच्या आठवडे जातात. तोवर मी वाऱ्याने खरवडून टाकलेल्या धारेवरून किंवा 30 अंशांखालच्या, वर काही लटकत नसलेल्या उतारांवरून फिरते.