कोल्ड स्मोकिंगसाठी घरगुती धूरयंत्र

कोल्ड स्मोकिंगमध्ये पदार्थ शिजत नाही, त्याला केवळ धुराचा वास आणि चव लागते; म्हणून पदार्थाभोवतीची हवा ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देता धूर पुरवत राहणे, एवढेच या यंत्राचे काम. पुण्यात त्यासाठी डिसेंबर-जानेवारीतली पहाट उत्तम. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरची हवाच ही मर्यादा ओलांडते आणि यंत्र कितीही नेटके असले तरी चीजला तेल सुटते.

सुमारे १० सेंमी रुंद, २० सेंमी उंच आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत सहज मिळेल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबा स्वस्त पडला तरी घेऊ नये, कारण जस्त फार तापले की त्याचा विषारी धूर होतो. डब्याच्या तळाजवळ चार भोके पाडून त्यांच्या थोडी वर स्टीलची जाळी बसवावी. यांतले एक भोक थोडे मोठे ठेवावे, म्हणजे त्यातून गॅस टॉर्चने लाकूड पेटवता येते.

खरी कसोटी वरच्या दोन नळ्यांची आहे. झाकणाच्या जरा खाली समोरासमोर दोन भोके पाडावीत. एकातून सुमारे १५ मिमी व्यासाची स्टीलची नळी बाहेर न्यावी, तर दुसऱ्यातून ६ मिमीची तांब्याची नळी (एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे हिचा तुकडा मिळतो) आत आणून तिचे टोक मोठ्या नळीच्या तोंडात सेंटीमीटरभर, अगदी मधोमध ठेवावे. तांब्याच्या नळीला फिशटँकचा एअर पंप जोडला की हवेचा झोत भोवतालचा धूर ओढून बाहेर नेतो आणि तळाच्या भोकांतून निखाऱ्याला ताजी हवा मिळते. टोक कडेला टेकले तर ही ओढ मंदावते व धूर उलट तळातून गळू लागतो, तेव्हा इथे घाई नको. पंप बॅटरीवर चालणारा घ्यावा, म्हणजे यंत्र कुठेही नेता येते. पंप बंद पडल्यास धूर त्यात शिरू नये यासाठी मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवावा. झाकणाची फट बुजवायला दमच्या भांड्याला लावतात तशी कणीक पुरते.

आंबा किंवा पेरूच्या वाळलेल्या फांदीच्या हरभऱ्याएवढ्या कपच्या घ्याव्यात. वखारीतला मिश्र भुसा टाळावा, कारण त्यात प्लायवूड, पॉलिश किंवा राळेचे लाकूड असू शकते. कपच्या पेटू न देता धुमसत ठेवाव्यात, आणि धूर पांढराफटक व दाट झाला तर चव कडवट होते, म्हणून तो पातळ, निळसर होईपर्यंत पदार्थाकडे सोडू नये.

धुराची नळी मीटरभर लांबवून, वरच्या बाजूला झरोका असलेल्या खोक्यात सोडावी. तिचा उतार डब्याकडे ठेवावा, म्हणजे साचणारा चिकट अर्क पदार्थावर टपकत नाही. पनीर किंवा चीज कोरडे पुसून खोक्यात तासभर धुरात ठेवावे आणि मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यावे. ताज्या धुराची चव तिखट लागते. मांस-मासळीला आधी काटेकोर प्रमाणात मीठ लावावे लागते, एरवी जंतूंचा गंभीर धोका असतो, त्यामुळे नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. कार्बन मोनॉक्साइडमुळे हे यंत्र स्वयंपाकघरात किंवा बंद बाल्कनीत मुळीच चालवू नये. उघड्या गच्चीवर चालवावे आणि सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवावे.

काम झाल्यावर निखारे पाण्याने पूर्ण विझवून, नळ्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासाव्यात, कारण तांब्याच्या नळीचे तोंड अर्काने बुजले की पुढच्या खेपेस ओढच राहत नाही.