मुलांना युद्धपट दाखवताना

इंदूरच्या रामबागेत किंवा राजेंद्रनगरात मराठी कुटुंबांतील मुलांसाठी युद्धपट दाखवायचा असेल, तर पराक्रमाच्या कथेऐवजी लहान मुलाच्या नजरेतून युद्ध दाखवणारा चित्रपट निवडावा. निवडणाऱ्याने तो आधी एकट्याने, अखेरपर्यंत पाहिलेला असावा.

रेने क्लेमां यांचा १९५२ चा फ्रेंच कृष्णधवल चित्रपट ‘फॉरबिडन गेम्स’ यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. जून १९४० मध्ये पॅरिस सोडून निघालेल्या निर्वासितांवर जर्मन विमाने गोळ्या झाडतात, त्यात पाच वर्षांच्या पॉलेतचे आईवडील मरतात आणि ती आपले मेलेले कुत्र्याचे पिल्लू उराशी धरून वाट फुटेल तिकडे चालू लागते. पुढे शेतकऱ्याचा मुलगा मिशेल आणि ती मिळून प्राण्यांची दफनभूमी रचतात व तिच्यासाठी क्रूस चोरतात. मोठ्यांना त्यात केवळ चोरी दिसते. आईवडिलांसाठी रडायलाही ज्या मुलीला उसंत मिळाली नाही, तिचा तो शोक आहे, हे प्रेक्षक मुलांना बहुधा न सांगताच उमगते.

हवाई हल्ला अगदी सुरुवातीलाच येत असल्याने बारा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवू नये. आईवडील आणि पिल्लू मरणार आहेत, हे सर्वांना आधीच स्पष्ट सांगावे. इतिहासाचे व्याख्यान मात्र देऊ नये. देश, साल आणि कोण कोणापासून पळत आहे एवढे पुरे, कारण पॉलेतलाही याहून अधिक ठाऊक नसते.

महूची छावणी जवळच असल्यामुळे प्रेक्षकांत सैनिकांची मुले असण्याचा संभव असतो. त्यांच्या पालकांशी आधी बोलावे, तसेच नुकतेच घरात कोणी गेले असेल त्या मुलाच्या पालकांशीही बोलावे. चर्चेत ‘तुझे बाबा सैन्यात आहेत, तू सांग’ असे म्हणून कोणालाही पुढे करू नये.

खोलीत पूर्ण अंधार न करता मागे एक दिवा चालू ठेवावा आणि मोठ्यांनी मुलांमध्येच बसावे. उपशीर्षके मुलांनी स्वतः वाचावीत. शेजारी बसून मोठ्याने भाषांतर करत राहिल्यास चित्रपटातील शांतता हरवते, आणि या कथेचा निम्मा अर्थ त्या शांततेतच आहे.

चित्रपट संपल्यावर लगेच प्रश्न विचारू नयेत. थोड्या वेळाने, ‘काय शिकलात?’ असे न विचारता, पॉलेतला काय माहीत नव्हते, मोठी माणसे तिला काय सांगायचे टाळत होती, कोणता आवाज लक्षात राहिला, असे विचारावे. ज्याला बोलायचे नसेल त्याला कागद-पेन्सिल द्यावी. विमाने कोणाची होती व का आली, असे कोणी विचारल्यास, जर्मनीने मे १९४० मध्ये फ्रान्सवर आक्रमण केले होते, हे सरळ सांगावे. मुलांना न्यायला आलेल्या पालकांना कोणती दृश्ये दाखवली ते नेमके सांगावे, म्हणजे रात्री मुलाने विषय काढलाच तर त्यांना उत्तर देता येईल.